कात्री मिटते, पण उघडत नाही

तासगावच्या बाजूचे एक काका. वय 54, धंदा शिवणकामाचा, शिवाय भावाच्या भागीत अर्धा एकर द्राक्षबाग. माझ्या ओपीडीत आले तेव्हा गळ्याला कॉलर होती आणि हातात पिशवी. मुलानं फाईल पुढं केली. काकांनी पिशवीतून दोन कात्र्या काढून टेबलावर ठेवल्या.

"मॅडम, ही बागंतली. ही चालतीया. आन् ही दुकानातली. ही मिटतीया, पण उघडंना."

रुग्णानं आपल्या आजाराचं निदान इतक्या कमी शब्दांत सांगितल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. गंमत अशी, की त्या घडीला ते मलाही कळलं नाही. मी फाईल उघडली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. हाताचे मात्र जसेच्या तसे आहेत.)

फाईलमधली हकिगत अशी. गणपतीच्या सुमारास उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका खाली लोंबायला लागली. कापड टेबलावर पसरून तळहातानं सुरकुती काढायला गेलं की ही दोन बोटं कापडात अडकायची. पंधरा दिवसांत मधलं बोट आणि तर्जनीही गेली, नवरात्रापर्यंत अंगठा. दुखणं असं नाही, रात्री कोपराखाली जरा ठणकायचं. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. साखर सहा वर्षांपासून, गोळ्यांवर आटोक्यात. गावात सगळ्यांनी ठरवून टाकलं की वारं गेलं. मग शहरात मेंदूचा सीटी स्कॅन झाला, तो चोख निघाला. मग मानेचा एमआरआय. त्यात पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली चकती थोडी फुगलेली दिसली. चोपन्नाव्या वर्षी ती फुगलेली नसती तर मला नवल वाटलं असतं, पण सापडलं की ते कारण ठरतं. तीन आठवडे मानेला वजन, मग कॉलर.

मधल्या काळात ऑक्टोबर छाटणी आली. तासगाव भागात तेव्हा कुणाला उसंत नसते. काकांनी दोन दिवस बागेत छाटणी केली आणि ती व्यवस्थित केली. लगेच दिवाळीच्या ऑर्डरी घ्यायला दुकानात बसले, तर कात्री हातात धरून नुसते बघत राहिले. भाऊ म्हणाला, बागेत चालते आणि दुकानात कशी चालत नाही? मुलगा हे सांगताना खाली बघत होता. घरात यावरून बरीच भांडणं झालेली दिसत होती.

मी आधीच्या कागदावर बघून केसपेपरवर 'उजवा रिस्ट ड्रॉप', म्हणजे मनगट लोंबतंय, असं लिहिलं आणि मगच हात बघायला घेतला. उलट करायला हवं होतं.

माझी दोन बोटं त्यांच्या मुठीत दिली. "दाबा काका." त्यांनी दाबली, चांगली दाबली. आधीच्या प्रत्येकानं हीच परीक्षा घेतली होती आणि प्रत्येक कागदावर 'पकड चांगली' असा शेरा होता. आम्हा डॉक्टरांची ही जुनी खोड आहे. हाताची ताकद म्हणजे पकड, असं डोक्यात इतकं बसलेलं असतं की "आता सोडा, बोटं ताठ करून वर उचला" हे सांगायचं राहून जातं.

ते सांगितलं आणि हाताचं खरं चित्र दिसलं. मनगट खाली पडलेलं नव्हतंच, वर येत होतं. पण सरळ वर न येता अंगठ्याच्या बाजूला तिरकं झुकून येत होतं. चारही बोटं मुळाशी, म्हणजे हाताच्या पाठीवरच्या गाठींपाशी, लोंबत होती. पुढची दोन पेरं मात्र सरळ होत होती, त्यामुळे घाईत बघणाऱ्याला बोटं हलताहेत असं वाटावं. अंगठा तळहाताला चिकटल्यासारखा. हात टेबलावर पालथा ठेवून फक्त अंगठा वर उचलायला सांगितला, तर दंडापर्यंत जोर लावूनही तो टेबल सोडेना.

मी 'रिस्ट ड्रॉप' खोडलं आणि वर 'फिंगर ड्रॉप' लिहिलं. एका शब्दाच्या या खाडाखोडीनं दुखण्याची जागा मानेतून निघून कोपराखाली चार बोटांवर आली. ती कशी, हे सांगायचं तर हाताची पाठ उलगडायला लागेल.

उघडणाऱ्या स्नायूंचा मोहल्ला

कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताला पुस्तकात अग्रबाहू म्हणतात. त्याच्या तळहाताकडच्या बाजूला मिटवणारे स्नायू, पाठीकडच्या बाजूला उघडणारे. मेडिकलच्या पहिल्या वर्षाला पुढची बाजू निगुतीनं शिकवली जाते. मागची बाजू बहुधा टर्मिनल परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकतात. मीही तशीच उरकली होती.

मागे एकूण बारा स्नायू, वरच्या थरात सात आणि खालच्या थरात पाच. लॅटिन नावं ऐकून दडपायला होतं, पण ते नाव म्हणजे पत्ताच असतो. एक्स्टेन्सर कार्पाय रेडियालिस लाँगस : ताणून उचलणारा, मनगटाचा, अंगठ्याकडच्या बाजूचा, लांब. त्याचा धाकटा भाऊ ब्रेव्हिस, म्हणजे आखूड. करंगळीच्या बाजूनं मनगट उचलणारा एक्स्टेन्सर कार्पाय अल्नारिस. चार बोटं उचलणारा एकच सामाईक, एक्स्टेन्सर डिजिटोरम, ज्याच्या एका पोटातून चार दोऱ्या निघतात. करंगळीला तिचा स्वतःचा आणखी एक. आणि तर्जनीला तिचा स्वतःचा, तो खालच्या थरात लपलेला. अंगठ्याचे तीन, तेही खालच्या थरातले, पण मनगटाच्या जरा वर ते तिरके होऊन दोन थरांच्या फटीतून बाहेर डोकावतात. शस्त्रक्रियेत वाट चुकली की मी आधी त्यांना शोधते.

यातल्या बऱ्याच वरच्या स्नायूंचं मूळ कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या एकाच टोकाला आहे. टेनिस एल्बो म्हणून लोक जिथं बोट ठेवतात ती ही जागा. एवढ्याशा जागेत इतके भाडेकरू, मग कुरबूर होणारच.

बोटांत स्नायूंचं मांस नसतं. तिथं पोचतात त्या फक्त कंडरा, म्हणजे दोऱ्या. ओढणारा बसलाय वर, कोपराजवळ. वाचता वाचता एक करून बघा. उजवा हात टेबलावर पालथा ठेवा, डाव्या हाताची बोटं उजव्या कोपराच्या चार बोटं खाली ठेवा आणि पेटीवर सूर फिरवावा तशी उजवी बोटं उचला. पेटी वाजतेय खाली, भाता हलतोय वर, हे डाव्या हाताला कळेल.

मनगटाच्या पाठीवर या दोऱ्या सहा बोगद्यांतून जातात. वरून एक रुंद पट्टा बांधलेला असतो, नाहीतर हात उचलला की दोऱ्या धनुष्याच्या प्रत्यंचेसारख्या उठल्या असत्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या बोगद्याच्या मधे हाडाचा एक छोटा उंचवटा आहे, जोसेफ लिस्टर या शल्यविशारदाच्या नावानं ओळखला जाणारा. अंगठ्याची लांब दोरी या उंचवट्याला वळसा घालून, रहाटाच्या चाकावरून वळावी तशी, अंगठ्याकडे जाते. अंगठा ताणून वर केला की मनगटाशी जो खळगा पडतो, तपकिरीची चिमूट ठेवायचा, त्याची एक कड म्हणजे हीच दोरी.

आणखी एक गोष्ट, लहान मुलांना दाखवायला छान. मधलं बोट दुमडून तळहाताखाली घ्या, बाकीची बोटं टेबलावर टेकवा. आता एकेक उचला. अंगठा उठेल, तर्जनी उठेल, करंगळी उठेल. अनामिका जाम हलणार नाही. हाताच्या पाठीवर या दोऱ्यांना एकमेकींशी बांधणारे आडवे पट्टे असतात. मधल्या बोटाची दोरी पुढं ओढली गेली की अनामिकेचीही अडकते. तर्जनी आणि करंगळी सुटतात, कारण त्यांना स्वतःचा वेगळा स्नायू आहे. तर्जनीचा तो वेगळा स्नायू लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता या सगळ्यांना चालवणारी नस. रेडियल नस दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून कोपराच्या पुढच्या बाहेरच्या अंगाला येते. तिथं पोचण्याआधीच ती अंगठ्याकडच्या दोन स्नायूंना आपली फांदी देऊन टाकते : कोपर वाकवायला मदत करणारा ब्रेकियोरेडियालिस आणि मनगट उचलणारा तो लांब, लाँगस. मग कोपरापाशी ती दुभंगते. एक फांदी कातडीखालून अंगठ्याच्या पाठीकडे जाते, तिचं काम फक्त स्पर्श. दुसरी खोल जाते. सुपिनेटर नावाचा, तळहात उताणा करणारा स्नायू रेडियस या अंगठ्याकडच्या हाडाच्या मानेला, म्हणजे कोपराजवळच्या निमुळत्या भागाला, गुंडाळलेला असतो. त्याच्या दोन पदरांच्या मधून ही खोल फांदी शिरते आणि हाडाला वळसा घालून पाठीकडे बाहेर पडते. बाहेर पडल्यावर तिला पोस्टिरियर इंटरऑसियस म्हणतात. चार बोटं, अंगठा आणि करंगळीकडून मनगट, सगळं उचलणं हिच्या हातात. कातडीला ती एकही धागा देत नाही.

ती जिथून आत शिरते, तिथं सुपिनेटरची वरची कड कमानीसारखी असते. फ्रोझे नावाच्या जर्मन शरीररचनातज्ज्ञाचं नाव तिला मिळालं, 1908 सालच्या वर्णनावरून. नवजात बाळात ही कमान मऊ, मांसल असते. मोठेपणी काही जणांत ती जाड, चिवट दोरीसारखी होते. 1968 मध्ये स्पिनर यांनी ही कमान आणि या नसेचा लकवा यांचा संबंध दाखवला, तेव्हापासून शल्यविशारदांचं तिकडे लक्ष असतं. नाडीची पँट आणि नाडीचा नेफा, असा तो प्रकार. नेफा घट्ट असेल किंवा नेफ्यात नाडीबरोबर दुसरं काही शिरलं, तर नाडी अडकणार.

हात काय सांगत होता

आता काकांचा हात पुन्हा बघू. मनगट वर येतं पण अंगठ्याकडे झुकून. म्हणजे अंगठ्याकडचा लाँगस जिवंत, करंगळीकडचा अल्नारिस झोपलेला. दोन बैलांच्या गाडीचा एक बैल बसला की गाडी फिरते, तसं. लाँगसची फांदी कोपराच्या वर सुटते, अल्नारिसची सुपिनेटरच्या पलीकडे. दोघांच्या मधे कुठंतरी वाट बंद झाली आहे. मेंदूतला झटका असा वेचून एक बैल बसवत नाही. मानेतली सातव्या मुळाची नस दबली असती तर दंडाच्या मागचा ट्रायसेप्स ढिला पडला असता. तो मी तपासला. काकांनी मला खुर्चीसकट मागे ढकललं.

पकड चांगली का, तेही इथंच कळतं. मूठ आवळताना मनगट आपोआप थोडं मागे उचललं जातं. मनगट लोंबकळत ठेवून मूठ आवळून बघा, निम्मा जोर जातो. काकांचं मनगट उचलणारा एक बैल शाबूत होता, म्हणून मूठ शाबूत होती. बोटांची पुढची पेरं सरळ होत होती कारण ते काम मुख्यतः तळहातातल्या छोट्या स्नायूंचं, आणि त्यांच्या नसा वेगळ्या.

अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या पाठीवर कापूस फिरवला. डोळे मिटून त्यांनी प्रत्येक स्पर्श सांगितला. तिथला स्पर्श नेणारी फांदी दुसरी, आणि ती ठीक होती.

एक शंका मात्र फेडायला हवी होती. दोऱ्याच तुटल्या असतील तर? तेही घडतं. मनगटाचं हाड थोडंसं तडकतं, प्लास्टर निघतं, सगळं छान, आणि काही आठवड्यांनी अंगठा अचानक उठेनासा होतो, कारण लिस्टरच्या उंचवट्याला घासून घासून दोरी तुटलेली असते. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या फौजेतल्या ढोल वाजवणाऱ्यांना हा त्रास व्हायचा, त्याला ढोलकऱ्यांचा लकवाच म्हणत. लकवा नव्हे तो, तुटलेली दोरी. आणि आमवाताच्या रुग्णांत बोटांच्या दोऱ्या करंगळीपासून एकेक करून तुटत जातात. काकांची सुरुवातही करंगळीपासून होती.

याची परीक्षा सोपी आहे, यंत्र लागत नाही. मी त्यांचा हात कोपरावर टेकवला, "काका, काही करू नका, हात माझ्याकडे द्या" म्हटलं आणि मनगट हळूच पुढं वाकवलं. बोटं आपोआप उघडली. अंगठासुद्धा. मनगट मागे नेलं, बोटं मिटली. पुन्हा पुढं, पुन्हा उघडली. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या नाचवतात तसं.

काकांनी दोन महिन्यांत आपली बोटं पहिल्यांदा उघडलेली बघितली होती. ते काही बोलले नाहीत. मुलगा म्हणाला, "परत एकदा करा."

दोऱ्या शाबूत होत्या. ओढणारे शाबूत होते. ओढा म्हणून सांगणारा निरोप पोचत नव्हता.

आता त्या दोन कात्र्या. छाटणीच्या कात्रीच्या मुठींमधे स्प्रिंग असते. दाबायचं तुम्ही, उघडायचं तिनं. शिंप्याच्या कात्रीला स्प्रिंग नसते. प्रत्येक कापानंतर ती अंगठ्यानं आणि बोटांनी उघडावी लागते, आणि ते उघडणं अग्रबाहूच्या पाठीचं काम. बागेत काकांच्या पाठीकडच्या स्नायूंची जागा स्प्रिंगनं घेतली होती. भावाला वाटलेला ढोंगीपणा म्हणजे शरीररचनेतला एक सरळ हिशोब होता. मी तो मुलाला कागदावर काढून दिला आणि घरी दाखवायला सांगितलं. औषधाआधी त्या घराला त्याची गरज होती.

पाव-अर्ध्या इंचाची गोष्ट

जागा कळली, कारण कळायचं होतं. या नसेचा लकवा कधीकधी नसेला सूज आल्यानं होतो आणि काही महिन्यांत आपसूक सुधारतो. साखर होतीच. मी मनात योजना आखली : नसेची तपासणी, मनगट-बोटांना आधार, तीन महिने वाट. बहुतेक तेच सांगून पाठवलं असतं.

हात मोजायचा म्हणून मी टेप शोधत होते. ओपीडीतला टेप नेहमीप्रमाणे गायब. काकांनी खिशातून आपला काढला आणि डाव्या हातानं स्वतःच माप घेतलं. कोपराखाली तीन इंच, उजवा : "पावणे अकरा." डावा : "सव्वा दहा."

उजव्या हातानं काम करणाऱ्याचा उजवा थोडा जाड असतोच, म्हणून मी सोडून देणार होते. पण टेप खाली सरकवला तर हाताच्या मधोमध उजवा डाव्यापेक्षा बारीक भरला. ते अपेक्षित होतं, दोन महिने न वापरलेले स्नायू सुकतात. मग सुकणाऱ्या हाताचा वरचा भाग जाड कसा? काका शिंपी, त्यांनीच टोकलं : "मॅडम, कापडात असं झालं तर आत अस्तर गोळा झाल्यालं असतं."

कोपराच्या बाहेरच्या अंगाला, मांसल भागाखाली, खोल बोट दाबलं. डाव्या बाजूला हाताला रेडियसचं टोक लागलं. उजव्या बाजूला त्याच्या खाली काहीतरी मऊ, भरीव, नेमक्या कडा नसलेलं. सांगितल्याशिवाय कळलं नसतं, आणि मला सांगितलं ते टेपनं.

साध्या एक्स-रेत रेडियसच्या मानेजवळ एक लांबट, आजूबाजूच्या मांसापेक्षा काळपट सावली दिसली. चरबी एक्स-रेला कमी अडवते, म्हणून काळी. एमआरआयत साडेचार सेंटिमीटरची गाठ, चरबीसारखी लख्ख, आणि चरबीची चमक दाबणारं चित्र घेतलं की पूर्ण काळी. सुपिनेटरच्या खाली, हाडाला खेटून. लिपोमा, साधी चरबीची गाठ. पाठीवर किंवा दंडावर ती असली तर लोक वर्षानुवर्षं मिरवतात. पण रेडियसच्या मानेशी तिला वाढायला जागाच नाही. एका बाजूला हाड, दुसऱ्या बाजूला सुपिनेटर, आणि मधे नस. नेफ्यात शिरलेलं दुसरं काही ते हेच.

स्नायूत सुई टोचून केलेल्या विजेच्या तपासणीत बोटं उचलणाऱ्या, अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या स्वतंत्र स्नायूत नसेचा निरोप तुटल्याच्या खुणा मिळाल्या. लाँगस आणि ब्रेकियोरेडियालिस चोख. शरीररचना जे सांगत होती तेच यंत्रानं सांगितलं. आता थांबण्यात अर्थ नव्हता. दाबणारी गाठ दिसत असताना वाट बघायची नसते.

काकांना मी पुढचा धोकाही सांगितला. नस वेळेत उठली नाही तर वर्ष-दीड वर्षानं स्नायू कायमचा जातो. मग दुसरी शस्त्रक्रिया : तळहाताकडचा, मनगट वाकवणारा एखादा स्नायू सोडवून त्याची दोरी पाठीकडे बोटांना जोडायची. मिटवणाऱ्याला उघडायला शिकवायचं.

"म्हंजे कॉलर उलटवायची," काका म्हणाले. शर्टाची कॉलर विरली की ती उसवून उलटी करून शिवतात, शर्ट आणखी दोन वर्षं जातो. यापेक्षा नीट मलाही समजावता आलं नसतं. "ती वेळ न्हाई यायची," असंही त्यांनीच सांगून टाकलं.

दिवाळीच्या ऑर्डरी पुऱ्या करूनच ते भरती झाले. खडूनं आखायचे ते, कापायच्या काकू.

टेबलावर

पाठीकडून जायचं ठरवलं, कारण गाठ हाडाच्या मागच्या-बाहेरच्या अंगाला होती. कोपराच्या बाहेरच्या हाडापासून लिस्टरच्या उंचवट्यापर्यंत एक काल्पनिक रेघ, त्या रेघेच्या वरच्या भागावर छेद. आखूड ब्रेव्हिस आणि बोटांचा सामाईक स्नायू यांच्या मधली फट शोधायची. वर, कोपराजवळ, दोघं एकाच मुळातून निघालेले, तिथं फट दिसत नाही. खाली गेलं की अंगठ्याचे ते डोकावणारे स्नायू दिसतात, त्यांच्या वरच्या कडेपासून वर सरकत गेलं की दोघं सुटे होतात. थॉम्पसन यांच्या नावानं ओळखली जाणारी ही वाट शंभर वर्षांपूर्वीची आहे.

फट उघडली की तळाशी सुपिनेटर, तिरक्या धाग्यांचा. त्याच्या खालच्या कडेच्या साधारण सेंटिमीटरभर वर नस बाहेर पडते. तिथं तिला ओळखायचं आणि उलट्या दिशेनं माग काढत वर जायचं. इथं घाई करायची नाही. काही लोकांत ही नस सुपिनेटरच्या आत हाडाला थेट चिकटलेली असते, हाडाशी आंधळेपणानं हत्यार सरकवलं तर नस गेली. सहायकाला मी हात उताणा-पालथा करायला सांगितला. हात फिरला की नसही जागा बदलते, ते डोळ्यांनी बघून ठेवलेलं बरं.

सुपिनेटरचा वरचा पदर उघडला. नस दिसली, गोल नव्हे, चपटी. गाठीच्या पाठीवर ताणून बसलेली, इस्त्री केलेल्या फितीसारखी, आणि कमानीपाशी तिच्यावर आडवा वळ. कमान जाड होती, कापताना कात्रीला जाणवली. गाठ मात्र भली निघाली. पिवळी, गुळगुळीत, बोटानं सोडवत गेलं तशी अख्खी बाहेर आली. (तपासणीत साधी चरबी, काही वाईट नाही.) गाठ गेल्यावर नस आपल्या जागी सैल पडली. वळ तसाच होता, तो लगेच जात नाही.

परत येण्याचा क्रम

नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. मधल्या काळात बोटं मिटून आखडू नयेत म्हणून रबरबँडवाली स्प्लिंट दिली : मनगटाला आधार, बोटं रबरानं वर टांगलेली, मिटायचं स्वतः, उघडायचं रबरानं. म्हणजे बागेतली कात्रीच. पंधरा दिवसांत काकांनी आमचे रबरबँड काढून परकराचं इलॅस्टिक लावलं. फिजिओथेरपिस्टनं तक्रार केली, मी ताण मोजून बघितला. इलॅस्टिकचा जास्त एकसारखा होता. तेच ठेवलं.

जानेवारीच्या शेवटी मनगट सरळ वर यायला लागलं. दुसरा बैल उठला. फेब्रुवारीत बोटं मुळाशी जराशी थरथरली, तीही चारही एकदम, कारण स्नायू एकच. होळीला हात टेबलावरून सपाट उचलून त्यांनी दाखवला. अंगठ्यानं फार छळलं. एप्रिलमध्ये मी 'कॉलर उलटवायचा' विचार वहीत पुन्हा लिहिला होता. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पालथ्या हाताचा अंगठा टेबलापासून कागद सरकेल इतका सुटला. मी खरोखरच कागद सरकवून बघितला, प्रिस्क्रिप्शनचा.

जूनमध्ये शाळेचे गणवेश आले आणि काका कात्रीला बसले. संध्याकाळपर्यंत अंगठा दमायचा, मग काकू कापायच्या.

सर्वात शेवटी, ऑगस्टमध्ये, तर्जनी. बाकीची बोटं मिटलेली आणि एकटी तर्जनी ताठ, म्हणजे तिचा तो खालच्या थरातला स्वतंत्र स्नायू जागा झाला. या नसेची शेवटची फांदी बहुधा त्यालाच जाते, म्हणून ती तपासणीतही शेवटची आणि परत येण्यातही. काकांनी ती मुलावर रोखली. ओपीडीतले बाकीचे लोक बघत होते, त्यांना वाटलं मुलाला काहीतरी सुनावताहेत.

शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्षानं शेवटची भेट. करंगळी अजून दहाएक अंश खाली राहते, ती तशीच राहील असं दिसतंय. टेप काढून त्यांनी स्वतःच मापं घेतली, दोन्हीकडे सव्वा दहा. "मधी?" मी विचारलं. मधोमध उजवा अजून पाव इंच कमी होता. "पाव इंच शिलाईत धरा," म्हणाले. ऑक्टोबर छाटणी नुकतीच संपली होती. यंदा बागेत गेला नाहीत का, म्हटलं तर हसले. भाऊ बोलवायला आला होता, पण दुकानात दिवाळीच्या ऑर्डरी होत्या.